चारठाणकर सरांची अचानक चाचणी

मास्तर निवृत्त झाला की त्याच्या हातचा खडू सुटतो, पण परीक्षा घेण्याची खोड काही सुटत नाही. अप्पाराव चारठाणकरांनी चौतीस वर्षं जिंतूरच्या शाळेत गणित शिकवलं, आणि खरं सांगायचं तर शिकवण्यापेक्षा तपासलं जास्त. निवृत्तीनंतर ते परभणीच्या वरदायिनी नगरात राहायला आले. बावीस घरांची वसाहत. पहिल्याच वर्षात त्यांची दूधवाल्याच्या मापाची, किराणा दुकानाच्या काट्याची आणि सुनेत्राबाईंच्या वरणातल्या मिठाची परीक्षा घेऊन झाली. त्यामुळे पोलीस ठाण्यातून ते पत्र आलं नसतं, तरी त्यांनी आणखी कोणाची तरी परीक्षा घेतलीच असती. पण पत्र आलं आणि पुढचं सगळं सरकारी कागदाच्या आधाराने घडलं, एवढंच त्यातल्या त्यात समाधान.

पत्र साधं होतं. फोनवरून होणाऱ्या फसवणुकीबाबत रहिवाशांत जनजागृती करावी आणि तसा अहवाल ठाण्यात सादर करावा. वसाहतीचे सचिव धम्मानंद पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी ते बैठकीत सावकाश वाचून दाखवलं आणि वर पाहिलं. तोवर सगळ्यांनी नजरा खाली घातल्या होत्या. अप्पाराव नेमके चष्मा पुसत होते. तो डोळ्यांवर चढवून त्यांनी मान वर केली आणि धम्मानंदांशी त्यांची नजरानजर झाली. सार्वजनिक कामं आपल्याकडे अशीच वाटली जातात.

काम अंगावर आलं म्हटल्यावर त्यांनी ते मनावर घेतलं. लागोपाठ तीन रविवार मारुतीच्या सभामंडपात व्याख्यानं झाली. फोनवर येणारा आकडा कोणाला सांगू नये, अनोळखी माणसाने बँकेचं नाव घेतलं की फोन बंद करावा, फुकट मिळतंय म्हणून काही दाबू नये, फसलोच तर एकोणीसशे तीस या नंबरावर लगेच तक्रार करावी. माणसं चांगली जमली. नळाला बारा-तेरा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात ते कधी येणार हे मारुतीच्या भोंग्यावरून सांगण्याचं काम अप्पारावांकडे होतं, त्यामुळे ते बोलायला उभे राहिले की लोक आपोआप कान टवकारत.

पुढच्या रांगेत कमलबाई. बसस्टँडजवळ त्यांची खानावळ. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने मुलगा वाढवला, आता नात शिवकन्या नांदेडला नर्सिंग शिकत होती. कमलबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत. त्यांच्या शेजारी लिंबाजी. पोखर्णीला दहा एकर रान आणि नातवंडांच्या शाळेसाठी इथे बांधलेलं घर. तिसरं व्याख्यान संपल्यावर लिंबाजी पुढे आले आणि म्हणाले, गुरुजी, लय भारी सांगितलं, आता आमाला कोणाचा बाप बी फसवू शकत न्हाई. मग खिशातून फोन काढून त्यांनी हळूच विचारलं की हे खताचं पोतं फुकट म्हणून सकाळी आलेलं दाबलंय, तर पोतं घरपोच येतं का आपल्यालाच आणायला जावं लागतं.

अप्पाराव त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या बाकावर बसून मान हलवणाऱ्या पोराला फळ्यापाशी बोलावलं की त्याला गणित येत नाही, हा त्यांचा चौतीस वर्षांचा अनुभव होता. मान हलली म्हणजे डोक्यात शिरलं असं नाही, वाऱ्यानेही हलते.

सल्ले भरपूर आले. धम्मानंदांचं म्हणणं, पत्रकं छापावीत. पोस्टात असताना त्यांनी पत्रकांवर मोठमोठी कामं मार्गी लागलेली पाहिली होती. लिंबाजींचं म्हणणं, एखाद्या कीर्तनकाराला बोलवावं, म्हणजे विषय पोटात जातो आणि वर जेवणही होतं. नऊ नंबरच्या घरातले मुंजाजी पोलिसात हवालदार होते. त्यांचं मत सगळ्यात मोलाचं होतं. ते म्हणाले, सर, तीन फोटो काढा, अहवाल पाठवा आणि मोकळे व्हा. अप्पारावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन सुनेत्राबाईंना सांगितलं की आता अचानक चाचणी घ्यावी लागेल. आपणच भामटा व्हायचं, घराघरात फोन लावायचा आणि कोण फसतं ते बघायचं.

सुनेत्राबाईंनी एवढंच विचारलं, "आणि सगळेच नापास झाले तर?"

"मग फेरपरीक्षा," अप्पाराव म्हणाले.

भामटा व्हायचं तर वेगळं सिमकार्ड हवं. दुकानात गेल्यावर कळलं की सिमसाठी अंगठा लागतो. खडू धरून धरून अप्पारावांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. यंत्राने सहा वेळा त्यांना ओळखायला नकार दिला. दुकानातल्या पोराने त्यांचा हात शर्टाला पुसला, मग आपल्या शर्टाला पुसला, मग म्हणाला, काका, आता तुमच्या जुन्या फोनवर एक आकडा येईल तो सांगा. अप्पाराव ताठ झाले. तीन रविवार घसा कोरडा करून जे शिकवलं ते आपणच मोडायचं, तेही एका सिमसाठी. अर्धा तास वाद झाला. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड करून तो आकडा सांगितला. म्हणजे निदान समोरून तरी सांगितला नाही.

पैसे घ्यायला त्या नंबराला खातं जोडावं लागतं. त्यांचं एकच खातं होतं, पेन्शनचं. ते त्यांनी पुण्यातल्या मुलाला, नचिकेतला, फोनवर विचारत विचारत जोडून घेतलं. बाबा कधी नव्हे ते नव्या गोष्टी शिकतायत म्हणून नचिकेतला बरं वाटलं. त्याने कारण विचारलं नाही.

मग वही आखली. बँकेचं नाव ऐकताच फोन बंद करणे, तीन गुण. बोलणाऱ्याचं नाव-गाव खोदून विचारणे, दोन गुण. पैसे न देणे, पाच गुण. उत्तीर्ण होण्यास साडेतीन. मागायचे फक्त अकरा रुपये, म्हणजे कोणाला जड जाणार नाही आणि निकालाच्या दिवशी पाकिटात घालून परत देता येतील. बोलायचं हिंदीत. तोंडावर रुमाल धरून त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात एकदा तालीम केली. "हॅलो, मैं बँक की मुख्य शाखा से बोलता. तुम्हारा खाता आज शाम को बंद हो जाता." सुनेत्राबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या की चांगलं जमतंय, फक्त रुमाल बांधलेले चारठाणकर सर बोलतायत असं वाटतं. बायकोच्या अशा शेऱ्यांकडे त्यांनी बत्तीस वर्षं दुर्लक्ष केलं होतं.

मंगळवारी अकरा वाजता चाचणी सुरू झाली. स्वतःचं घर वगळून एकवीस परीक्षार्थी.

पहिला फोन लिंबाजींना. अप्पारावांनी घसा खाकरला आणि वाक्य म्हटलं. मग लिंबाजी अगदी हळू आवाजात म्हणाले, "बोला साहेब. किती लागतेत?"

"ग्यारा रुपये."

"अकराच? बस होतेत का?"

भामट्याला बस होतात का विचारणारा माणूस अप्पारावांनी पहिल्यांदाच पाहिला. दोन मिनिटांत पैसे आले. अकरा नव्हे, अकराशे. वहीत त्यांनी लिंबाजींच्या नावापुढे शून्य काढलं आणि त्याला खाली एक रेघ मारली.

कमलबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवन झालं का?" वहीत या उत्तरासाठी रकाना नव्हता. अप्पाराव गोंधळून हो म्हणाले, तेही मराठीत. कमलबाईंनी पाचशे पाठवले. धम्मानंदांनी, पोस्टातला माणूस, काही फॉर्म भरावा लागतो का एवढीच चौकशी केली आणि पाचशे एक पाठवले. सगळ्यात कहर केला तो मुंजाजींनी. ज्या माणसाच्या ठाण्यातून हे पत्र आलं, त्या हवालदाराने दोनशे रुपये पाठवून वर तब्येतीला जपा असं सांगितलं.

संध्याकाळपर्यंत निकाल हाती आला. अठरा नापास, दोन फोन बंद म्हणून गैरहजर, आणि उत्तीर्ण एक. ती राजेश्री. सहा महिन्यांपूर्वीच भाड्याने आलेली, एका शाळेत नव्याने लागलेली. तिने पहिल्या वाक्यालाच फोन ठेवून दिला होता. अप्पारावांना रात्री जेवण गेलं, आणि चांगलं गेलं. माणसं इतकी कच्ची असल्याचं दुःख होतंच, पण आपलं निदान बरोबर निघाल्याचा आनंद कोणाही डॉक्टराला आणि मास्तराला होतोच. रविवारी सभामंडपात निकाल लावायचा असं त्यांनी ठरवलं.

रविवार उजाडायच्या आत वसाहत काही वेगळीच वागायला लागली. बुधवारी सकाळी लिंबाजींचा गडी ज्वारीचं पोतं दारात टाकून गेला. विचारलं तर म्हणाला, घरची हाय, मालकानं दिली. दुपारी खानावळीतून डबा आला. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, आणि वर एक वाटी खीर. धम्मानंद रस्त्यात भेटले आणि वसाहतीची वर्गणी यंदा सवडीने दिली तरी चालेल असं स्वतःहून म्हणाले. हळदीकुंकवाला गेलेल्या सुनेत्राबाईंची दोनदा ओटी भरली गेली आणि एका बाईने त्यांचा हात हातात धरून बराच वेळ सोडला नाही. घरी आल्यावर सुनेत्राबाईंनी दार लावून विचारलं, "अहो, तुम्ही माझ्यापासून काही लपवताय का?"

अप्पाराव म्हणाले की व्याख्यानांचा परिणाम असेल, लोक कृतज्ञ आहेत.

शुक्रवारी मुंजाजी आले, गणवेशात. खुर्चीवर बसले नाहीत. सर, वाईट वाटून घेऊ नका, पण ठाण्यात यावं लागतंय, म्हणाले. व्याख्यानात शिकवलं होतं त्याबरहुकूम राजेश्रीने एकोणीसशे तीसवर तक्रार केली होती. भामट्याचा तपास लागायला एरवी महिने जातात. इथे अर्धा दिवस लागला, कारण भामट्याने सिम स्वतःच्या आधारकार्डावर, स्वतःच्या पत्त्यावर आणि स्वतःच्या हसऱ्या फोटोसह घेतलं होतं. वसाहतीच्या फाटकापासून ठाण्याच्या गाडीपर्यंत चालताना अप्पारावांना प्रत्येक खिडकीत कोणी ना कोणी दिसलं. कोणीही हसत नव्हतं. हसले असते तर बरं वाटलं असतं.

ठाण्यात साहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला आणि परीक्षा घ्यायला परवानगी कोणाची होती असं विचारलं. अप्पारावांनी ठाण्याचंच पत्र पुढे केलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. यात जनजागृती म्हटलंय, परीक्षा म्हटलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. परीक्षेशिवाय जागृती झाली की नाही हे कसं कळणार, असं अप्पारावांचं. तासभर चर्चा झाली आणि तीन पानांचा जबाब झाला. त्यात हिशोबाची वही जप्त असा उल्लेख आला. ती गुणपत्रिकेची वही आहे असं अप्पाराव सांगत राहिले. साहेबांनी त्यांना सोडलं, पण तोवर खात्याला कुलूप लागलं होतं. तक्रार आली की खातं आपोआप गोठतं, त्यात कोणाचा दोष नाही असं समजावण्यात आलं. पेन्शन त्यातच. लोकांचे पैसेही त्यातच. ते उघडायला बँक म्हणे ठाण्याचं पत्र आणा, आणि ठाणं म्हणे बँकेने आधी विचारणा करावी. हे ऐकून नचिकेतने घाबरून तातडीने वीस हजार पाठवले. कुठे पाठवावेत हे विचारायचं त्याला सुचलं नाही. तेही त्याच खात्यात जाऊन बसले.

एवढं होऊनही रविवारचा निकाल पुढे ढकलण्याचा विचार अप्पारावांच्या मनात आला नाही. उलट आता तर सगळा खुलासा करायलाच हवा होता. चौतीस वर्षांत एका पैशाचा डाग नाही आणि आज पोलिसाच्या गाडीत बसताना गावाने पाहिलं. सभामंडप पहिल्यांदाच गच्च भरला. अप्पाराव उभे राहिले आणि म्हणाले की मंगळवारी तुम्हाला आलेला तो फोन दुसऱ्या कोणाचा नव्हता, माझा होता.

कोणी चपापलं नाही. कोणी शेजाऱ्याकडे पाहिलंही नाही. जे व्हायला हवं होतं त्यातलं काहीच होईना, तेव्हा अप्पारावांनी तेच वाक्य पुन्हा एकदा मोठ्याने म्हटलं.

कमलबाई उठल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "गुरुजी, आमी तर तुमी खाकरलात तवाच वळखलं. पाणी सुटायच्या आदी दर बारीला खाकरताव की भोंग्यावर. आन पैशे धाडताना फोनवर नाव येतंय धडधडीत. अप्पाराव विश्वनाथ चारठाणकर."

पैसे पाठवताना घेणाऱ्याचं नाव दिसतं हे अप्पारावांना त्या क्षणी कळलं. त्यांनी स्वतः फोनवरून कोणाला कधी छदामही पाठवला नव्हता. ओळखलं होतं तर पैसे का पाठवले, एवढंच ते कसंबसं विचारू शकले.

"मानूस हात पसरायला लाजतंय," कमलबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखा मानूस तोंडाला फडकं लावून अकरा रुपये मागायलाय म्हणल्यावर घरात काय तकलीफ आसल. आमी वळख दिली आसती तर तुमी फोन ठेवला आसता. म्हनून न्हाई दिली."

म्हणजे फोन उचललेल्या एकोणीस घरांत त्यांना ओळखलं नाही ते फक्त नव्या राजेश्रीने. बाकी सगळ्यांनी ओळखलं आणि त्यांची इज्जत राखण्यासाठी आपण फसलो असं दाखवलं. त्यांनी ठाण्यातून मागून आणलेली वहीची झेरॉक्स फडकावली, गुणांची विभागणी वाचून दाखवली, ही परीक्षाच होती असं परोपरीने सांगितलं. जितकं सांगावं तितक्या माना जास्त हलत. लिंबाजी तर उठून म्हणाले, व्हय गुरुजी, परीक्षाच होती, आमी कुटं काय म्हणायलाव. मग अप्पारावांनी सगळ्यांचे पैसे परत करण्याचं जाहीर केलं आणि त्याच श्वासात खातं गोठल्याचं सांगावं लागलं. अशी वाक्यं कोणाच्या तोंडी असतात हे अप्पारावांनीच तीन रविवार शिकवलं होतं. कोपऱ्यात राजेश्री मान खाली घालून बसली होती. जाता जाता तिने येऊन माफी मागितली आणि त्यांच्या हातात शंभराची नोट ठेवली. एकमेव उत्तीर्ण विद्यार्थिनीही गेली.

पुढचे दोन आठवडे अप्पारावांनी घराबाहेर पडणं कमी केलं. पाण्याची सूचना धम्मानंद देऊ लागले. पेन्शन अडकल्यामुळे किराणा उधारीवर येऊ लागला, आणि दुकानदार ज्या प्रेमाने वही बाजूला सारायचा ते बघून अप्पाराव पिशवी न तपासताच घरी निघायचे. माणूस गरीब असला तर दया सोसतो. गरीब नसताना ती सोसावी लागणं हा फारच वेगळा प्रकार आहे. आपण पेन्शनर आहोत, नांदेडला एक प्लॉट आहे, असं ते एकदा दूधवाल्याला न विचारता सांगून बसले. दूधवाल्याने अर्धा लीटर जास्त घातलं.

त्यातच एका सकाळी कमलबाई फाटकाशी थांबल्या. इकडे तिकडे कोणी नाही असं बघून त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "पोचले का गुरुजी, परवाचे आठ हजार?"

कसले आठ हजार हे अप्पारावांना कळेना. त्यांनी विचारलं तशा कमलबाई आणखी संकोचल्या. परवा फोन आला होता. कोणी तरुण माणूस, हिंदीतच, बँकेतून बोलतो म्हणाला, खातं बंद होईल, आठ हजार भरा. वाक्यं तीच. आवाज मात्र गुरुजींचा नव्हता.

"मग तुम्ही ठेवून का नाही दिला फोन?"

"मंडपात तेवढं झालं म्हणल्यावर तुमी सोता कशाला बोलताव. म्हणलं दुसऱ्या कोणाला बोलायला लावलंय. नाव बी दुसरंच आलं पैशे धाडताना. म्हणलं गुरुजींचं खातं बंद हाय, दुसऱ्याच्या खात्यावर मागवलेत." त्यांनी पुन्हा इकडे तिकडे पाहिलं. "शिवकन्येच्या हॉस्टेलचे होते. पन तिला म्हणलं, थांब चार दिस."

अप्पाराव फाटकाला धरून उभे राहिले. अकरा रुपयांची थट्टा आठ हजारांवर गेली होती. कमलबाई अडाणी नव्हत्या. बँकेच्या नावाने फोन आला तर ठेवून द्यायचा हे त्यांना व्याख्यानाआधीही माहीत होतं. त्यांचं दार अप्पारावांनीच आतून उघडून ठेवलं होतं. वरदायिनी नगरातल्या कोणालाही आता कोणीही फोन करावा, त्यामागे चारठाणकर गुरुजींची अडचण असणार हे ठरलेलंच होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज पोलिसाच्या गाडीतही वाटली नव्हती.

ते कमलबाईंना घेऊन तसेच ठाण्यात गेले. दोन दिवस उलटून गेले होते. पैसे कुठल्या कुठे पोचले असतील, तरी प्रयत्न करू, असं साहेब म्हणाले. अर्जात एक रकाना होता, कोण समजून पैसे दिले. मुंजाजींनी तीनदा विचारलं. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, चुकून दिले म्हणून ल्याहा. अप्पाराव शेजारी बसून म्हणाले की माझं नाव लिहा. कमलबाईंनी लिहू दिलं नाही. हॉस्टेलची फी अप्पारावांनी नचिकेतला सांगून परस्पर भरायला लावली. हे कळल्यावर कमलबाई म्हणाल्या की लेकाने आधी बापाकडे बघावं.

त्या दिवशी दुपारी ते नवी वही घेऊन बसले. मी गरीब नाही हे सिद्ध करण्याचे सगळे मार्ग त्यांनी लिहून काढले. खातं उघडलं की पासबुक दाखवता येईल. लोक म्हणतील मुलाने भरले. प्लॉटचे कागद दाखवता येतील. लोक म्हणतील विकायला काढलाय. एकेक मार्ग खोडत खोडत पान संपलं. वर्गात एखादं गणित सुटेनासं झालं की ते पोरांना सांगत, उत्तराच्या मागे लागू नका, आधी गृहीत काय धरलंय ते बघा. चारठाणकर गरीब नाही हे गृहीत धरलं की गणित अडतं. आहे असं धरलं की झटक्यात सुटतं. फक्त ते मोठ्याने म्हणावं लागतं, आणि लोकांच्या दारात जाऊन म्हणावं लागतं.

हे त्यांनी सुनेत्राबाईंना सांगितलं. त्या उठल्या. मग त्यांनी कपाट उघडलं, खुंटीवरचा इस्त्रीचा सदरा आत ठेवला आणि कॉलर विरलेला जुना काढून दिला.

संध्याकाळी अप्पाराव कमलबाईंच्या दारात उभे राहिले. आत बोलावलं तरी गेले नाहीत. येताना पाठ केलेलं सगळं विसरलं होतं.

"तुम्ही म्हणता ते खरं होतं," ते म्हणाले. "मला अडचण आहे. परीक्षाबिरीक्षा काही नव्हती. लाज वाटली म्हणून तोंडाला रुमाल लावला."

कमलबाईंनी नुसती मान हलवली.

"आता एक ऐका. यापुढे मला काही लागलं तर मी असा येईन, तुमच्या दारात, तोंडाने मागेन. फोनवर कधी मागणार नाही. दुसऱ्याला मागायला लावणार नाही. फोनवर जो कोणी पैसे मागेल, बँकेचा म्हणो, पोलिसांचा म्हणो, माझा म्हणो, तो मी नव्हे. लगेच ठेवून द्यायचा."

"तुमी न्हाई म्हणल्यावर आमी कोणाला कशाला देताव?" कमलबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठीच तर देत होताव."

तीन व्याख्यानं आणि एक चाचणी करून जे झालं नव्हतं ते झालं. अप्पारावांना हलकं वाटलं. नमस्कार करून ते वळले.

"गुरुजी," कमलबाईंनी हाक मारली. "दारात आलाव तर सांगा. आज किती पायजेत?"

काही नको, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मग कमलबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आज काही नको म्हटलं, तर हा माणूस अजून लाजतोय एवढाच त्याचा अर्थ निघणार होता, आणि लाजणारा माणूस फोनच करतो.

"शंभर," अप्पाराव म्हणाले, आणि हात पुढे केला.

कमलबाई आत जाऊन दोनशे घेऊन आल्या. ते त्यांनी मोजून खिशात ठेवले, पायरी उतरले आणि शेजारच्या घराची कडी वाजवली. अजून वीस घरं राहिली होती.